साखरपुडा ते लग्न: पिवळे दात, एक करडा दात आणि हातात असलेले दहा आठवडे

रुग्ण २७ वर्षांची तरुणी. लग्न दहा आठवड्यांवर, साखरपुडा त्याच्या बराच आधी, तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला. हसताना दात पिवळे दिसतात आणि वरचा डावीकडचा पटाशीचा दात करडा दिसतो, फोटोत नजर आधी त्याच्यावरच जाते, ही तिची तक्रार. साखरपुड्याआधी एका बैठकीत सगळे दात पांढरे करून द्या, ही मागणी. (दवाखान्यात वारंवार एकत्र आढळणाऱ्या गोष्टी एका रुग्णात बसवून हे प्रकरण मांडले आहे. ही कुणा एका व्यक्तीची नोंद नाही.)

मागणी जशीच्या तशी पुरी होण्यासारखी नव्हती. तिचे दात तीन निरनिराळ्या कारणांनी रंगलेले होते (वर बसलेले चहाचे डाग, दाताचा आतला पिवळेपणा आणि रूट कॅनाल झालेल्या दाताचा करडेपणा) आणि तिन्हींचे उपाय वेगळे. शिवाय ब्लीचिंगचा, म्हणजे पेरॉक्साइडच्या जेलने दात उजळण्याचा, टिकाऊ परिणाम जेल दाताला एकूण किती वेळ लागून राहते यावर ठरतो. कडक जेलने सुरुवात लवकर होते, पण शेवटचा रंग सौम्य जेलनेही साधारण तिथेच पोहोचतो, आणि त्रास कमी होतो. तारीख जवळ आलेली असली की नेमके हेच ऐकून घ्यायची तयारी नसते. म्हणून पहिल्या भेटीतला बराचसा वेळ वेळापत्रक समजावण्यात गेला, आणि तो जायलाच हवा.

तपासणीत काय दिसले

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण. दातांच्या फटींत चहाची तपकिरी रेघ. दिवसाला पाच-सहा कप चहा. वरच्या उपदाढांच्या मानेजवळ हिरडी खाली सरकलेली, मुळाचा पिवळा भाग उघडा आणि तिथे नखाला लागेल अशी खाच. वरच्या उजव्या बाजूच्या दुसऱ्या दाताच्या कोपऱ्यात जुने कॉम्पोझिटचे (दाताच्या रंगाच्या रेझिनचे) फिलिंग. डाव्या पटाशीच्या दाताला शाळेत असताना सायकलवरून पडल्यावर रूट कॅनाल झालेले. एक्स-रेमध्ये त्याचे भरण मुळाच्या टोकापर्यंत नीट गेलेले होते आणि टोकाभोवती काळी सावली नव्हती. हा एक्स-रे टाळून चालत नाही. करड्या दाताच्या मुळाशी संसर्ग दबलेला असेल तर आधी रूट कॅनाल पुन्हा करावे लागते, रंगाचा विचार त्यानंतर.

मुळाजवळच्या खाचेचे कारण विचारल्यावर कळले. सहा महिने कोळशाची पेस्ट, आठवड्यातून एकदा लिंबू आणि खायचा सोडा, आणि कडक ब्रश. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो, आणि साधारण ५.५ च्या खाली गेले की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातली, खनिजे विरघळायला लागतात. अशा मऊ पडलेल्या पृष्ठभागावर खरखरीत पूड घासली की वरचा डाग जातो, सोबत इनॅमलही जाते. इनॅमल स्वतः जवळपास पारदर्शक असते, दाताचा पिवळेपणा त्याच्या आतल्या डेंटिनचा असतो. म्हणजे इनॅमल जितके पातळ, तितका दात पिवळा. उघड्या मुळावर इनॅमल मुळातच नसते, त्यामुळे तिथे हाच प्रकार आणखी वेगाने होतो. तिला हे तिन्ही प्रकार त्याच दिवशी बंद करायला सांगितले.

रंगाची नोंद शेड गाईडने, म्हणजे दाताच्या छटांच्या नमुना पट्ट्यांनी, केली. १६ पट्ट्यांचे हे गाईड उजळाकडून गडदाकडे लावले तर पहिली पट्टी बी१, दुसरी ए१, पाचवी ए२, नववी ए३, बारावी ए३.५ आणि शेवटची सी४ येते. तिचे पटाशीचे दात ए३, सुळे ए३.५ आणि करडा दात सी४च्या जवळ. नोंद घेताना लिपस्टिक पुसलेली, खिडकीतला उजेड, आणि दात ओले. तोंड दहा मिनिटे उघडे राहिले तरी दात सुकून उजळ दिसायला लागतात, म्हणून रंग तपासणीच्या सुरुवातीलाच घ्यायचा. पट्टी दाताला लावून दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोटो काढून ठेवला. पुढे रुग्णाला स्वतःचा जुना रंग आठवत नाही, तेव्हा हा फोटोच कामाला येतो.

वय १८च्या वर, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे नाही, कीड नाही, तोंडात जखम नाही. म्हणजे ब्लीचिंगला हरकत नव्हती.

पहिला आठवडा: ब्लीचिंगच्या आधीचे काम

स्केलिंग (कीटण खरवडून काढणे) आणि पॉलिशिंग झाल्यावर चहाच्या रेघा गेल्या आणि तिला वाटले निम्मे काम इथेच झाले. पुष्कळ लोकांचे काम खरोखरच इथे होते. चहा, तंबाखू, मिश्री, पान, लोहाचे सिरप, बरेच दिवस वापरलेला क्लोरहेक्सिडीन माउथवॉश यांचे डाग पृष्ठभागावर बसतात आणि ते स्केलिंगनेच काढायचे असतात. कीटणावर ब्लीच लावणे म्हणजे जेल वाया घालवणे.

उपदाढांच्या खाचा ग्लास आयोनोमर या सिमेंटने बुजवल्या. उघड्या डेंटिनमधून पेरॉक्साइड फार लवकर आत शिरते, आणि मुळाचा भाग ब्लीचने फारसा उजळतही नाही. नुसता त्रास, उपयोग शून्य. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट त्याच दिवसापासून सुरू केली. ब्लीचिंगच्या दोन आठवडे आधीपासून वापरली तर दात कमी शिवशिवतात.

आत काय घडते

सगळ्या पद्धतींत काम करणारे रसायन एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. कार्बामाइड पेरॉक्साइड हे त्याचेच युरियाशी बांधलेले रूप. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उरलेला युरिया निघतो. ३५ टक्के कार्बामाइड म्हणजे सुमारे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. डब्यावरचा आकडा वाचताना दोन्हींत गल्लत होते आणि रुग्ण ‘३५ टक्के’ म्हणून भलतेच काही घेऊन येतो, म्हणून नाव आणि आकडा दोन्ही वाचायचे.

पेरॉक्साइडचा रेणू लहान असतो. तो इनॅमलच्या सूक्ष्म फटींतून डेंटिनमध्ये जातो, आणि काही मिनिटांत दाताच्या आतल्या नसेपर्यंतही पोहोचतो. वाटेत रंगाच्या मोठ्या सेंद्रिय रेणूंमधले दुहेरी बंध तो ऑक्सिडेशनने तोडतो. त्यांचे तुकडे लहान झाले की ते प्रकाश कमी शोषतात आणि दात उजळ दिसतो. यात दात घासला जात नाही, त्याचा कुठलाही थर निघत नाही. पोर्सेलिनची कॅप, कॉम्पोझिट, सिमेंट यांचा रंग यात बदलत नाही, आणि तिच्या जुन्या फिलिंगची अडचण पुढे इथेच येणार होती.

पिवळट-तपकिरी रंग, म्हणजे गाईडमधली ए गटाची छटा, सर्वांत चांगली दाद देते. करडी सी गटाची छटा हळू हलते. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने रंगलेल्या दातांना रात्री जेल भरून दातांवर बसवायच्या ट्रेच्या पद्धतीनेही महिनेच्या महिने लागतात. फ्लोरोसिसच्या (लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने उठणाऱ्या) पांढऱ्या ठिपक्यांत सुरुवातीला ठिपके आणखी पांढरे दिसतात, भोवतालचा रंग वर आला की फरक कमी होतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी घाबरून येतो.

दुसरा आठवडा: दवाखान्यातली बैठक

साखरपुडा पाच दिवसांवर होता, म्हणून एक बैठक ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने केली. ओठांना व्हॅसलिन, गाल बाजूला धरणारा रिट्रॅक्टर, रुग्ण आणि डॉक्टर दोघांना चष्मा. दात आणि हिरडी सुकवून हिरडीवर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा बांध घातला: चार ते पाच मिलिमीटर रुंद, दीड-दोन मिलिमीटर जाड, इनॅमलवर अर्धा मिलिमीटर चढवलेला. दोन दातांमधल्या त्रिकोणात हा बांध हमखास फुटका राहतो. दाताच्या कडेकडून आरशात पाहिल्यावर हिरडीचा गुलाबी ठिपका कुठेही दिसता कामा नये.

भूल द्यायची नाही. जेल कुठे झिरपले तर रुग्णाला चुरचुरले पाहिजे आणि त्याने हात वर केला पाहिजे. तोच एक इशारा हाताशी असतो.

जेल एक-दीड मिलिमीटर जाड थरात, उपदाढेपासून उपदाढेपर्यंत, पंधरा-पंधरा मिनिटे तीनदा. प्रत्येक वेळी जेल आधी सक्शनने ओढून घ्यायचे, मग ओल्या कापसाने पुसायचे, पाणी सर्वांत शेवटी. आधीच फवारा मारला तर ३५ टक्के जेल बांधावरून उडून ओठावर पडते. तिच्या खालच्या ओठाच्या आत एका ठिकाणी झिरपलेच आणि पांढरा चट्टा उठला. तो भाग लगेच भरपूर पाण्याने धुऊन व्हिटॅमिन ई तेल लावले. असा चट्टा काही तासांत विरतो, क्वचित एखादा दिवस चुरचुर राहते.

निळा दिवा वापरला नाही. दिव्याने शेवटच्या रंगात भरवशाचा फरक पडत नाही. त्याच्या उष्णतेने दात मात्र जास्त सुकतो, नस तापते, शिवशिव वाढते.

बैठक संपली तेव्हा पट्टी ए१ला लागत होती आणि ती खूश होती. तिला तिथेच सांगितले की यातला एक भाग सुकलेपणाचा आहे. लाळेने दात पुन्हा ओला झाला आणि आत अडकलेला ऑक्सिजन निघून गेला की रंग दोन-तीन पायऱ्या उतरतो. दहाव्या दिवशी पट्टी ए२ला लागली. ए३वरून ए२ हाच या बैठकीचा खरा हिशेब. एका बैठकीच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची जाहिरात असते, तीत दुसरा फोटो त्याच तासाचा असतो. दहाव्या दिवसाचा फोटो मागून घ्यावा.

पुढचे दोन दिवस चहा, हळदीची आमटी आणि पान टाळायला सांगितले. खाण्यापिण्याच्या या बंधनाने शेवटच्या रंगात फार फरक पडतो असे दिसत नाही, पण लिंबू सरबत, कोकम सरबत आणि शीतपेये या दिवसांत खरोखर टाळावीत, ती आंबट असल्याने दात जास्त आंबतात.

तिसरा ते सातवा आठवडा: रात्रीचा ट्रे

हेवुड आणि हायमन यांनी १९८९ मध्ये १० टक्के कार्बामाइडच्या रात्रीच्या ट्रेची पद्धत प्रसिद्ध केली. इतक्या वर्षांनंतरही ही सर्वांत जास्त पारखलेली आणि भरवशाची पद्धत आहे, आणि घाई नसेल तर सुरुवात हिनेच करावी.

अल्जिनेट या माप घ्यायच्या लगद्यात दातांचे माप घेतले, त्यात प्लास्टर ओतले. मापात हवेचा बुडबुडा राहिला की प्लास्टरच्या दातावर गाठ येते. ती खरवडून काढली नाही तर तिथे ट्रे सैल होतो आणि जेल बाहेर येते. साचा घोड्याच्या नालेच्या आकारात कापून, टाळूचा भाग काढून टाकून, एक मिलिमीटर जाडीची ईव्हीए या मऊ प्लास्टिकची पत्री व्हॅक्यूम यंत्रावर ओढली. टाळूचा भाग ठेवला तर पत्री दातांच्या मानेशी नीट बसत नाही. कड हिरडीच्या रेषेनुसार कमानीकमानीने कापली. बाजारात मिळणारे उकळत्या पाण्यात वाकवायचे तयार ट्रे इतके नेमके बसत नाहीत, त्यातून जेल हिरडीवर आणि लाळेत जाते. लाळेतली विकरे पेरॉक्साइड मोडून टाकतात, त्यामुळे पैसे जेलचे जातात आणि काम होत नाही.

आधी वरचे दात करायचे ठरले. खालचे तसेच ठेवल्याने आरशात फरक रोज दिसतो आणि रुग्ण मध्येच सोडत नाही. सूचना अशा: झोपण्याआधी ब्रश आणि फ्लॉस. प्रत्येक दाताच्या पुढच्या भिंतीसाठी ट्रेमध्ये मुगाएवढा एकच थेंब, उपदाढेपासून उपदाढेपर्यंत. ट्रे बसवून बाहेर आलेले जेल बोटाने किंवा कोरड्या ब्रशने पुसायचे. सकाळी ट्रे गार पाण्याने धुवायचा. गरम पाण्याने तो वाकडा होतो. जेलच्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवायच्या. कार्बामाइड पहिल्या दोन तासांत निम्मी ताकद सोडते आणि उरलेली रात्रभर हळूहळू, म्हणून रात्री झोप लागत नसेल त्यांनी दिवसा दोन तास लावले तरी चालते, फक्त दिवस जास्त लागतात.

चौथ्या सकाळी फोन आला: गार पाणी लागले की कळ जाते, आणि हिरडीची कड पांढरी दिसते. विचारल्यावर कळले की लवकर व्हावे म्हणून तिने ट्रे काठोकाठ भरला होता आणि सकाळी नवे जेल भरून आणखी तीन तास लावला होता. १.२ मिलिलीटरची सिरिंज एका जबड्याला दोन-तीन रात्री पुरायला हवी. तिच्या तीन सिरिंज संपल्या होत्या. कळ हिरडीची नव्हती. नसेपर्यंत पोहोचलेल्या पेरॉक्साइडने नस तात्पुरती चिडलेली होती.

उपाय: दोन रात्री जेल बंद. त्याच ट्रेमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटचे जेल २० मिनिटे, दिवसातून एकदा. पोटॅशियम नसेच्या तंतूंना शांत करते. मग एक दिवसाआड, मुगाएवढ्या थेंबाने पुन्हा सुरुवात. ट्रेची कड उजव्या सुळ्याजवळ हिरडीला टोचत होती, ती बारीक कात्रीने कापून मऊ केली. पुढे त्रास राहिला नाही. कळ आपोआप येऊन तासभर ठणकत राहिली, किंवा एकाच दातात राहिली, तर मात्र ती ब्लीचची शिवशिव समजू नये. त्या दाताचा एक्स-रे काढावा.

पाचव्या आठवड्याअखेर वरचे पटाशीचे दात ए१, सुळे ए२. सुळ्यांचे डेंटिन जाड असते, ते मागेच राहतात. शेवटचे चार-पाच दिवस फक्त सुळ्यांच्या जागी जेल भरले. खालच्या दातांना पुढचे दोन आठवडे. तिला बी१पर्यंत जायचे होते. तिथे थांबवले, कारण तिच्या पटाशीच्या दातांची टोके पातळ होती आणि जास्त ब्लीचने अशी टोके निळसर, काचेसारखी दिसू लागतात.

करडा दात: आतून ब्लीच

रूट कॅनाल झालेल्या दाताचा करडा रंग आतून येतो. अपघातात नसेतले रक्त डेंटिनच्या नळ्यांत मुरते, नसेचे अवशेष दाताच्या वरच्या कोपऱ्यांत राहून जातात, आणि रूट कॅनालचा सीलर (भरणाच्या फटी बुजवणारे सिमेंट) दाताच्या वरच्या भागात सोडलेला असतो. बाहेरून कितीही जेल लावले तरी हा दात शेजाऱ्यांच्या मागेच राहतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच तो आतून उघडला.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून मागच्या बाजूने जुने भरण काढले, कोपऱ्यांतला सीलर आणि काळपट अवशेष साफ केले. गुट्टापर्चा, म्हणजे मुळातले रबरासारखे भरण, हिरडीखालच्या इनॅमलच्या सीमेपेक्षा दोन मिलिमीटर खाली उतरवला आणि त्यावर दोन मिलिमीटर ग्लास आयोनोमरचा अडसर बसवला. ही सीमा दोन्ही कडांना दाताच्या चावायच्या धारेकडे चढते, म्हणून अडसरही कडांना उंच ठेवावा लागतो. सपाट अडसर घातला तर कडांच्या डेंटिनमधून पेरॉक्साइड मुळाबाहेर झिरपते आणि पुढे वर्षांनी मान बाहेरून झिजून दात गमवावा लागू शकतो. लहान वयात मार लागलेल्या दाताला हा धोका जास्त, आणि ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड उष्णतेसह आत घातल्यास आणखी जास्त. ती जुनी पद्धत आता करू नये.

अडसर घट्ट झाल्यावर सोडियम परबोरेट (पाण्यात पेरॉक्साइड सोडणारी पूड) शुद्ध पाण्यात ओल्या वाळूसारखे कालवून आत भरले, ओलावा टिपला आणि दीड-दोन मिलिमीटर ग्लास आयोनोमरने तोंड बंद केले. बंद करताना कडा कोरड्या नसतील तर दोन दिवसांत ऑक्सिजनच्या दाबाने झाकण उडते आणि सगळी मेहनत जाते. दर आठवड्याला भरण बदलले. पहिल्यांदा फरक जेमतेम, दुसऱ्यांदा दात ए३, तिसऱ्यांदा शेजाऱ्यांपेक्षा किंचित उजळ. तिथे थांबायचे, कारण पुढच्या काही आठवड्यांत तो थोडा उतरतो. चौथे भरण लागले नाही. मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून तात्पुरते बंद केले.

नववा आठवडा: फिलिंग बदलणे

अपेक्षेप्रमाणे उजवीकडच्या दुसऱ्या दाताचे जुने फिलिंग आता पिवळा चौकोन होऊन दिसत होते. ते ब्लीच संपल्या दिवशी बदलता येत नाही. इनॅमलमध्ये अडकलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही, पकड कमी बसते, आणि रंगही अजून स्थिरावलेला नसतो. वरच्या दातांची ट्रे पाचव्या आठवड्यात थांबली होती, दोन आठवड्यांची किमान मुदत उलटून गेली होती. नवव्या आठवड्यात ए१ छटेत नवे फिलिंग केले आणि करड्या दाताचे मागचे तोंडही कॉम्पोझिटने कायमचे बंद केले. लग्नाआधी पुरेसा एक आठवडा उरला; फिलिंगची कड टोचली, चावताना उंच लागले, तर दुरुस्तीला तेवढा वेळ लागतोच.

पुढची देखभाल

ट्रे जपून ठेवायचा. वर्ष-दोन वर्षांत रंग उतरल्यासारखा वाटला तर दोन-तीन रात्री पुरतात, नवा कोर्स लागत नाही. नवे जेल घेताना तेच नाव आणि तोच आकडा. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंतचे हायड्रोजन पेरॉक्साइड ग्राहकाला फक्त दंतवैद्यामार्फत, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली आणि १८ वर्षांवरील व्यक्तीलाच देता येते. १० टक्के कार्बामाइड या मर्यादेत आरामात बसते. घरच्या वापरासाठी कुठेही हीच मर्यादा पाळलेली बरी.

आतून ब्लीच केलेल्या दाताचा एक्स-रे सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि त्यानंतर दरवर्षी. मुळाच्या मानेची झीज सुरुवातीला दुखत नाही, ती एक्स-रेमध्येच आधी दिसते, आणि लवकर दिसली तर दात वाचवता येतो.